हातवारे करू नयेत

६ फेब्रुवारी

ताई,

काल तुम्ही दोघी गेल्यावर मला कार्यालयात बोलावून पहिली ताकीद दिली. माझ्या नावाचं एक कार्ड आहे, त्यावर तीन चौकोन छापलेले आहेत. तिन्हींत लाल फुली पडली की भेटी बंद. माणसाला त्याच्या आईपासून तोडायला छापील चौकोन लागतात हे मला आजवर माहीत नव्हतं. क्रूर माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यात निदान थोडा आवेश तरी असतो. ही माणसं क्रूरसुद्धा नाहीत. टापटीप आहेत!

माझा गुन्हा काय, तर भेटीच्या खोलीतला नियमांचा फलक मी मोठ्याने वाचला. बावीस नियम, आणि त्यांत 'नये' एकतीस वेळा. मी शिपायाला विचारलं, भेटीला आलेल्याने काय करावं हे कुठे लिहिलंय? तो म्हणाला, "आवाज खाली." मी म्हणालो, "आईला ऐकू येत नाही, काचेपलीकडे ताईच्या कानाला फोन आहे. माझ्या आवाजाचा त्रास फक्त तुम्हाला होतोय, म्हणजे तो योग्य जागी पोचतोय."

त्यावर फुली.

मी भाषण केलं म्हणून कारखान्याचं गेट तुटलं, असं मानून न्यायालयाने मला दोन वर्षं दिली. माझ्या वक्तृत्वाला एवढी मोठी दाद कुठल्याही सभेत मिळाली नव्हती. आता या खोलीतही दाद मिळू लागली आहे. आईला सांग, मी ठीक आहे.

ता. क. हे पत्र बाहेर जाण्याआधी कार्यालयात वाचलं जातं. वाचणारे महाशय, नमस्कार. दुसऱ्याची पत्रं वाचायचं काम तुम्ही निवडलंत की तुम्हाला दुसरं कुणी दिलं नाही?

तुझा धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

भाषण छान झालं. मी घड्याळ लावून ऐकलं. भेट वीस मिनिटांची, त्यातली अकरा मिनिटं तू शिपायाला दिलीस. आई तुझे ओठ वाचते. शिपायाकडे तोंड करून तू जगाला जागं करत होतास तेव्हा अकरा मिनिटं तिच्या वाट्याला तुझा डावा कान आला. घरी आल्यावर ती म्हणाली, "कान स्वच्छ ठेवतो, बरं वाटलं."

आता त्या खोलीत पोचायला काय लागतं ते ऐक. निदान चार दिवस आधी फोन करून नाव नोंदवायचं. तो फोन फक्त मंगळवारी दहा ते बारा उचलतात आणि मंगळवारी दहा ते बारा मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत असते. रक्षकांच्या गणवेशाच्या रंगाचे कपडे चालत नाहीत, म्हणून आईची आवडती साडी बाद. केसातल्या पिना काढायच्या, चप्पल काढून दाखवायची, डोळ्यांच्या थेंबांची बाटली बाहेर ठेवायची. आईची वेणी दारातच सुटली. केस हातात धरून ती आत आली. ते तुझ्या लक्षात आलं का? नाही येणार. तू 'नये' मोजत होतास.

माझ्या लॅबमध्ये नळीवरचं लेबल चुकलं की रक्त फेकून देतात. कुणाचं आहे, किती कष्टाने काढलंय, कुणी विचारत नाही. मला तो नियम आवडतो असं नाही. पण मी लेबल नीट लावते, कारण मला रक्त तपासायचं असतं. तुला नक्की काय करायचंय?

आता खरी बातमी. आईचा काचबिंदू थांबत नाही. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. बाजूचं दिसणं गेलं आहे, आता ती नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढंच बघते. डॉक्टर म्हणाले, मे अखेरपर्यंत धरून चाला. कान आधीच गेलेत. डोळे गेले की तू तिच्याशी बोलणार कसा, एवढं तुझ्या पुढच्या भाषणात सांग.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर द्यायला बसलो आणि तुझं म्हणणं पटलं. असं मला फार वेळा होत नाही.

यापुढे शिपायाशी बोलणार नाही. त्याच्याकडे बघणारही नाही. त्यात माझं काही नुकसान नाही.

पण सतराव्या नियमाबद्दल तरी मला बोलू दे. 'भेटीदरम्यान हातवारे करू नयेत.' आईने एकतीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढली. तीनशे यंत्रमाग एकदम चालले की शेजारच्या बाईची किंकाळीसुद्धा ऐकू येत नाही. त्या बायकांनी ओठ वाचायला शिकून घेतलं आणि हातांची एक आख्खी भाषा उभी केली. धागा तुटला, पाणी आण, पोर आजारी आहे, सगळं दोन बोटांत. कान गेल्यावर आईने तीच भाषा घरी आणली. मी तोंडाने बोलायच्या आधी हाताने दूध मागितलं, हे तूच मला सांगतेस. पाच बोटांची चोच करून उघडझाप केली की मी: बडबड्या. आणि आता कुठला तरी अधीक्षक, ज्याला आयुष्यात आरडाओरड्याखेरीज एक भाषा आली नाही, तो माझ्या आईच्या भाषेला हातवारे म्हणतो!

मी परवानगीचा अर्ज केला आहे. चार पानी. यंत्रांच्या आवाजाने कामगारांचे कान कसे जातात याचा थोडा इतिहासही दिला आहे, म्हणजे त्यांच्या ज्ञानात भर पडेल.

धाकटा


११ मार्च

धाकट्या,

तुझ्या चार पानांवर एका ओळीत शेरा आला: 'प्रमाणपत्र जोडलेले नाही.' इतिहासाबद्दल कुणी आभार मानलेले नाहीत.

प्रमाणपत्र मी काढलं. कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी आईला मशीनला जोडलं, बटणं दाबली आणि म्हणाले, "ऐकू येत नाही." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे मी घरी सांगितलं असतं." मग तुरुंगाच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा खिडकी बंद. दुसऱ्यांदा खिडकी उघडी, आतली खुर्ची रिकामी. तिसऱ्यांदा खुर्चीत एक कारकून होता. त्याने कागद वाचला आणि मला विचारलं, "ऐकूच येत नाही तर भेटीला येतात कशाला?"

तू असतास तर त्याला जन्मभर पुरेल असं उत्तर दिलं असतंस आणि आपण चौथी खेप घातली असती. मी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत उभी राहिले. अशा माणसांकडे बघायला तेवढी जागा पुरते.

निर्णय असा: हाताच्या भाषेला परवानगी नाही, कारण ती शिपायाला समजत नाही. ओठांबद्दल नियम काही म्हणत नाही. तेव्हा दोघांनीही हात टेबलावर पालथे ठेवायचे, सगळ्यांना दिसतील असे. तू हळू बोल, समोर बघून बोल. बाकी आई बघून घेईल.

चोवीस तारीख मिळाली आहे. त्या दिवशी तपासणीचं पथक येणार म्हणून एकालाच पास आहे. आई एकटी आत येईल. मी दारापर्यंत सोडेन. हात टेबलावर. हे मी तिला रोज सांगते आहे, तुला आत्ता सांगते.

ताई


कार्यालय, २७ मार्च

आपणांस कळविण्यात येते की, दि. २४ मार्च रोजीच्या भेटीदरम्यान नियम क्र. १७ चा भंग होऊन संशयास्पद खुणांची देवाणघेवाण झाल्याचे कर्तव्यावरील शिपायाच्या निदर्शनास आले. सदर बंद्याने खुणा आपण केल्याचे जागीच कबूल केले आहे. सबब सदर बंद्याच्या सर्व भेटी २४ मार्चपासून नव्वद दिवस स्थगित करण्यात येत आहेत. बंद्याने लेखी माफी मागून ती हजेरीच्या वेळी सर्वांसमक्ष वाचल्यास स्थगिती तीस दिवसांवर आणण्याचा विचार होऊ शकेल.

अधीक्षकांकरिता


२९ मार्च

धाकट्या,

नव्वद दिवस म्हणजे बावीस जून. डॉक्टरांनी मे म्हटलं होतं. हे गणित तुला येत असेल.

तुला फक्त हात टेबलावर ठेवायचे होते. पाच वर्षांचं मूल वर्गात ठेवतं. कबूलही केलंस, म्हणजे छाती पुढे काढूनच केलं असशील. एवढे श्रोते आणि वर पथक हजर असताना गप्प बसवलं नसेल.

आईला विचारलं. ती म्हणते, "कोणी काही केलं नाही. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात तो ओरडला असावा, कारण सगळ्यांनी मान वळवली." तुला पाठीशी घालते आहे. तू शाळेत खिडकी फोडलीस तेव्हाही कोणी काही केलं नव्हतं.

माफी लिही. आजच.

ताई


५ एप्रिल

ताई,

माफी? या लोकांची?

हो, केले हातवारे. परत संधी मिळाली तर परत करीन. ज्या भाषेत मला आईने वाढवलं ती भाषा मी एका शिपायाला विचारून बोलू? माझ्या हातांचा मालक मी आहे, अधीक्षक नाही. गुन्हा मी केला, कबूल केला, शिक्षा भोगतो आहे. विषय संपला. तू यात आणखी काही करू नकोस. अर्ज नकोत, खेपा नकोत, चौकशी तर मुळीच नको. तुला अर्ज करायची खोड आहे, पण या वेळी हात आवर.

धाकटा


९ एप्रिल

बडबड्या,

'माझ्या हातांचा मालक मी.' हे वाक्य आईला वाचून दाखवू का? म्हणजे ओठांनी सांगू का? तिला तुझे ओठ बघायचे होते, ते काही तुला जमलं नाही. निदान तुझी घोषणा तरी तिच्यापर्यंत पोचवते.

तुला मोठा माणूस व्हायचंय आणि त्याचं भाडं आई डोळ्यांनी भरते आहे. तुझ्या सभांना मी यायचे तेव्हा मागे उभ्या बायका रडायच्या. मलाही भरून यायचं. आता वाटतं, आपण सगळ्याच किती स्वस्तात रडलो.

पण मला एक गोष्ट पटत नाही. आई खोटं बोलत नाही. शाळेच्या खिडकीच्या वेळीही तिला काही ठाऊकच नव्हतं, मी उगाच लिहिलं. म्हणून तू 'नको' लिहिलंस तरी मी थांबणार नाही. त्या खोलीत कॅमेरा आहे. चित्रण तपासावं असा अर्ज मी तयार केला आहे. चार ओळी, प्रमाणपत्रासह. तू काही केलं नसशील तर स्थगिती उठेल. केलं असशील तर मला एकदा डोळ्यांनी बघू दे की तू आमच्यासाठी काय केलंस. सोमवारी, पंधरा तारखेला, अर्ज देते.

ताई


१२ एप्रिल

ताई,

हे पत्र कार्यालयाने वाचलेलं नाही. आज सुटणाऱ्या सुताराच्या बुटात आहे. त्याला चहा दे आणि वाचून झालं की हे जाळ.

अर्ज देऊ नकोस. चित्रण कुणालाही बघू देऊ नकोस.

खूण आईने केली.

आम्ही दोघं हात टेबलावर ठेवून नुसत्या ओठांनी बोलत होतो. सगळं छान चाललं होतं. ती मला सांगत होती की तू बारीक झाली आहेस. एवढ्यात माझ्या मागून तो शिपाई चालत आला. त्याला झुपकेदार मिशा आहेत. आईने तो येताना पाहिला आणि तिचा उजवा हात उठला. दोन बोटं ओठांवरून मिशीसारखी फिरली, अंगठा खांद्यावरून मागे गेला. तुला आठवतं ना? मुकादम मागे आहे, गप्प बस. एकतीस वर्षं ती खूण तिने दिवसातून वीस वेळा केली असेल. हात परत टेबलावर आला तेव्हा तिला ठाऊकसुद्धा नव्हतं की तो उठला होता. ती खरंच खोटं बोलत नाही. तिच्या हिशेबी कोणी काही केलं नाही.

शिपायाला वाटलं टोळीची खूण आहे. शिवाय मिशांची टिंगल. त्याने शिट्टी फुंकली आणि मी उभा राहून ओरडलो, "मी केली! मी केली!" आणि हातांनी जे सुचेल ते करून दाखवलं. पथक बघत होतं. कबुली मिळाल्यावर चित्रण बघायचे कष्ट कोण घेतं? यांच्या आळसावर माझा पूर्ण विश्वास आहे. यांच्यात तेवढा एकच गुण आहे.

एकोणिसावा नियम तुला पाठ असेल. खुणांना चौकोन नाहीत: बंद्याने केल्या तर थेट नव्वद दिवस. भेटीला आलेल्याने केल्या तर त्याचं नाव यादीतून कायमचं जातं, शिक्षा संपेपर्यंत. माझे अजून चौदा महिने आहेत.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते वाचणाऱ्या महाशयांसाठी होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास याचं वाईट वाटलं. पण लिहिलं होतं तसंच की कुणीही विश्वास ठेवावा. तो दोष तुझा नाही.

माफी मात्र मला जमत नाही, ताई. न केलेल्या गुन्ह्याची कबुली मी दिली, त्यात माझी मान ताठ होती. पण या लोकांसमोर उभं राहून 'चुकलो' म्हणायचं? रात्रंदिवस प्रयत्न करतो आहे. कागद कोराच राहतो.

धाकटा


१५ एप्रिल

धाकट्या,

पूर्ण विचारांती मी चित्रणाचा अर्ज दिलेला नाही. तू दोषी आहेस याबद्दल माझी खात्री पटली आहे. वाचणाऱ्या महाशयांनी याची नोंद घ्यावी.

काल घरी एक सुतार येऊन गेला. दार बरेच दिवस अडत होतं, नीट करून गेला. दोन कप चहा प्यायला. मी तिसरा देत होते.

आईला मी काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. ती स्वयंपाकघरात होती, मी मुद्दाम मुकादमासारखी दारात दबकत आले. तिने मला पाहिलं, नुसती हसली. तिला वाटलं मी लहानपणीसारखी खेळते आहे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही.

आता माफीबद्दल. तुला जमत नाही, कारण तू तिला भाषण समजतोस. भाषणात माणसाने बोललेलं खरं असावं लागतं, हे तुझं मत मला मान्य आहे. पण हा कागद आहे. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि कपाटात पडतो. त्या कपाटाशी खरं बोलायला तू काय त्याचं देणं लागतोस? आपण ज्यांना मान देतो त्यांच्यासमोर मान खाली घालताना लाज वाटावी. यांच्यासमोर कसली? कपाटासमोर वाकून चावी फिरवतोस तेव्हा तुझा अपमान होतो का?

मी मजकूर देते. नक्कल कर. एकही विशेषण घालू नकोस.

'दि. २४ मार्च रोजी मी नियम १७ चा भंग केला. माझी चूक झाली. त्याबद्दल मी माफी मागतो. पुन्हा असे होणार नाही.'

आईच्या डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो.

ताई


२१ एप्रिल

ताई,

वाचली.

सकाळची हजेरी, दोनशे दहा माणसं ओळीत. अधीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. मी चार ओळी वाचल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "हाच का तो गेट तोडणारा?" आणि दहा-बारा जण हसले. अधीक्षक म्हणाले, "आवाज येत नाही, परत." मी परत वाचली. दुसऱ्यांदा वाचताना मला तुझं कपाट आठवलं, आणि खरं सांगतो, त्या माणसात मला बिजागऱ्या दिसू लागल्या.

पण दुपारी माझ्या शेजारचा, जो माझी भाषणं ऐकून माझ्या वाट्याची झाडलोट करायचा, त्याने आज झाडू माझ्या पायाशी आणून ठेवला. मी झाडून काढलं.

वाचणारे महाशय, इथे काही खोडण्यासारखं नाही. शोधा हवं तर.

स्थगिती तेविसाला उठते. तारीख घे. दोघींचा पास घे.

धाकटा


२९ एप्रिल

धाकट्या,

माफीनामा उत्तम होता. कार्यालयाने प्रत दिली. तुझ्या आजवरच्या लिखाणातला पहिला मजकूर जो मी जांभई न देता शेवटपर्यंत वाचला.

कालच्या भेटीत मी आईशेजारीच बसले होते, तिचा उजवा हात माझ्या हाताखाली टेबलावर धरून. तुझे हात पालथे होते. तू फोन उचललाच नाहीस. समोर बघून ओठ हलवू लागलास आणि आवाज काढलाच नाहीस, एक अक्षरही नाही. वीस मिनिटं तू बोलत होतास आणि खोलीत ऐकू येत होता तो फक्त पंखा. मिशीवाला शिपाई जवळ आला. मान वाकडी करून उभा राहिला. मग त्याने फलकाकडे बघितलं, वरून खाली, बावीसही नियम. पुन्हा वरून. ओठांबद्दल खरंच काही नाही.

मला तुझ्या वेगाने ओठ वाचता येत नाहीत, त्यामुळे तू काय म्हणालास ते मला ठाऊक नाही. आई वाचत होती. पाच मिनिटांनी ती हसायला लागली. मग अधीक्षकांच्या खोलीकडे एकदा, शिपायाच्या मिशांकडे एकदा बघून एवढी हसली की खुर्ची हलली. तिचा हात माझ्या हाताखाली सारखा उसळत होता, उत्तर द्यायला. मी दाबून धरला. वीस मिनिटं. माझ्या मनगटाला अजून कळ आहे.

परत येताना विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, "तुझ्या ऐकण्यासारखं नाही." आणि रस्त्यात पुन्हा हसली.

आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. डावा डोळा गेला. उजव्याचं ते काही सांगत नाहीत, कागदावर लिहितात आणि कागद उलटा ठेवतात.

पुढची तारीख बारा मे. त्यानंतरची सव्वीस. दोन्हीची नोंदणी केली आहे, पिना आत्ताच काढून ठेवल्या आहेत. हात टेबलावर. बोलून घे.

ताई